वाडी उठण्याआधी ग्रामपंचायतीने करायची कामे

कर्नाटकच्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील, पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका ग्रामपंचायत सदस्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या वॉर्डात भीमगड अभयारण्याच्या हद्दीतील 38 घरांची एक वाडी येते. वनखात्याच्या स्थलांतर योजनेला त्यांपैकी 26 कुटुंबांनी होकार दिला आहे, बाकीची 12 हलायला तयार नाहीत. सगळे कागद कन्नडमध्ये आहेत आणि वाडीतल्या बहुतेक वयस्कर माणसांना कन्नड वाचता येत नाही. जी कुटुंबे उठतील त्यांतली काही ज्या गावाजवळ वसणार आहेत, तेथील पंचायतीचे सदस्य ‘आम्हालाच पाणी पुरत नाही’ म्हणून आतापासूनच कुरकुर करू लागले आहेत. ‘आम्ही मराठी भाषक अल्पसंख्याक आहोत, तेव्हा पंचायतीने ठराव करून हे थांबवता येईल का, आणि येत नसेल तर पंचायतीच्या हातात उरते तरी काय?’ असे त्यांनी विचारले आहे. नकार देणाऱ्यांचे पुढे काय होणार, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी 31 वर्षे पंचायतीच्या नोकरीत होतो; सुरुवात सचिव म्हणून झाली आणि निवृत्ती पंचायत विकास अधिकारी म्हणून. यातली बरीच वर्षे खानापूर, बेळगाव आणि निपाणी या भागांत गेली. आपल्या वाडीचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे उत्तराचा काही भाग चार गोष्टींवर अवलंबून राहील: वाडीतले लोक कोणत्या समाजाचे आहेत, वनहक्काचे दावे आजवर दाखल झाले आहेत का, स्थलांतर कोणत्या कायद्याखाली किंवा योजनेखाली चालले आहे, आणि नवी जागा आपल्याच पंचायतीत आहे की दुसऱ्या.

आपल्या प्रश्नात भाषेचा प्रश्न आणि विस्थापनाचा प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि दोन्हींवर आपण ‘ठराव’ हे एकच औषध शोधत आहात. माझ्या अनुभवात माणसे ठराव नसल्यामुळे क्वचितच नाडली जातात. ती नाडली जातात ती त्यांचे नाव यादीत नसल्यामुळे, सही केलेला कागद त्यांना कोणी वाचून न दाखवल्यामुळे, आणि सभा झाली की नाही हे पुढे कोणालाही सिद्ध करता न आल्यामुळे. हे तिन्ही ग्रामपंचायतीच्या अखत्यारीतले विषय आहेत. पंचायत दुबळी असते ती बहुधा येथेच, आणि ती मजबूत करायची तीही येथेच.

ठरावाबद्दल आधी स्पष्ट बोलू. 2005 साली बेळगाव महापालिकेने बेळगाव महाराष्ट्रात सामील करावे असा ठराव केला आणि राज्य सरकारने महापालिकाच बरखास्त केली. त्या ठरावामागची भावना मला परकी नाही, माझ्या घरातही ती आहे. परंतु सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयासमोर आहे आणि तो कोणत्याही महापालिकेच्या वा पंचायतीच्या अखत्यारीतला नाही. अधिकाराबाहेरच्या ठरावाने सरकारला हात घालायला जागा मिळते आणि त्याच सभागृहात नळपाणी, घरपट्टी, शाळा यांसाठी भांडणारी माणसे घरी बसतात. आता याची दुसरी बाजू पाहा. 2013 साली ओडिशातील नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने तेथील ग्रामसभांपुढे पाठवला, आणि 12 ग्रामसभांनी एकामागून एक नकार दिल्यावर ती खाण अडली. त्या वस्त्या आपल्या वाड्यांहून मोठ्या नव्हत्या. त्यांचा ठराव टिकला, कारण तो ज्या कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिला त्याच कायद्याच्या चौकटीत केलेला होता. तो कायदा आपल्या वाडीलाही लागू आहे.

हा कायदा म्हणजे अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी यांचा 2006 चा वनहक्क कायदा. भीमगड 2011 साली अभयारण्य घोषित झाले. म्हणजे अभयारण्य होण्याआधीच हा कायदा लागू होता, हे लक्षात असू द्या, कारण ‘अभयारण्यात हा कायदा चालत नाही’ असे आपल्याला कोणीतरी नक्की सांगेल. तो राष्ट्रीय उद्यानांत आणि अभयारण्यांतही चालतो. त्याच्या कलम 4(5) नुसार, वनहक्क ओळखण्याची आणि पडताळणीची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कोणाही वननिवाशाला त्याच्या ताब्यातील वनजमिनीवरून हटवता येत नाही. कलम 4(2) आणखी पुढे जाते. वन्यजीवांचा अत्यावश्यक अधिवास म्हणून जागा मोकळी करायची असेल, तर आधी हक्क मान्य झालेले असले पाहिजेत, पुनर्वसनाची योजना उपजीविकेची शाश्वती देणारी असली पाहिजे, त्या योजनेला ग्रामसभेची मुक्त आणि माहितीपूर्ण संमती लेखी मिळालेली असली पाहिजे, आणि नव्या जागेवरील सोयी व जमीनवाटप पूर्ण झाल्याखेरीज कोणाला हलवता कामा नये.

वनखाते याला काय उत्तर देईल हे मी आजच सांगू शकतो: ‘आम्ही कोणालाही हटवत नाही, हे स्वेच्छेचे स्थलांतर आहे.’ हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. 2025 मध्ये भीमगड अभयारण्यातीलच तळेवाडीच्या 27 कुटुंबांना प्रत्येकी 15 लाखांच्या पॅकेजपैकी 10 लाखांचा पहिला हप्ता देण्यात आला, तो स्वेच्छेचे स्थलांतर म्हणूनच. आजारी माणसाला पावसाळ्यात डोलीत घालून मैलोन्मैल चिखलातून आणावे लागणाऱ्या घरातल्या सुनेने ‘मला इथून बाहेर पडायचे आहे’ म्हटले, तर तिला जंगलाचे महत्त्व सांगण्याचा अधिकार मला नाही आणि आपल्यालाही नाही. जाणाऱ्यांना अडवणे हे पंचायतीचे काम नव्हे. मात्र जाण्याआधी त्यांचा हक्क नोंदवून घेणे हे तिचे काम आहे, कारण हक्क नोंदवलेला माणूस काहीतरी सोडून जातो आणि त्याचा मोबदला मागू शकतो, तर हक्क न नोंदवलेला माणूस कागदावर अतिक्रमणदारच राहतो आणि त्याला मिळते ते दानासारखे मिळते. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की होकार देणाऱ्या 26 आणि नकार देणाऱ्या 12 अशा सर्व 38 कुटुंबांचे वनहक्क दावे आधी दाखल करा.

येथे समाजाचा मुद्दा येतो. अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा वनातील ताबा दाखवला तरी पुरते. इतरांना, म्हणजे आपल्या भागातील मराठा, धनगर गवळी आणि अन्य कुटुंबांना, त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या म्हणजे 75 वर्षे आपण वनात किंवा वनावर अवलंबून राहत होतो हे दाखवावे लागते. 75 वर्षांची अट वास्तव्याला आहे, विशिष्ट तुकड्याच्या ताब्याला नाही. हा फरक तालुका पातळीवर अनेकांना माहीत नसतो आणि त्यावरून दावे फेटाळले जातात. सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजाची) कुटुंबे असतील तर त्यांची यादी वेगळी करा, कारण 2020 च्या दुरुस्तीने बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील सिद्दी अनुसूचित जमातीत आले आणि त्यांना 75 वर्षांचा पुरावा लागत नाही. धनगर गवळ्यांचे मात्र सर्वांत अवघड. ते कर्नाटकात अनुसूचित जमातीच्या यादीत नाहीत, त्यांची गुरे आणि गोठे जागा बदलत राहिले, त्यामुळे त्यांच्याकडे कागद सर्वांत कमी असतो. त्यांचा पुरावा गोळा करायला सर्वांत जास्त वेळ लागेल हे धरून चाला.

1930 च्या सुमाराचा पुरावा आणायचा कोठून, असे आपण विचाराल. आधी आपल्याच पंचायतीचे कपाट उघडा. जुनी घरपट्टीची मागणी-वसुली पुस्तके, जन्ममृत्यूची रजिस्टरे, बंद पडलेल्या शाळेचे दाखल-खारीज पुस्तक, यात आजे-पणजे सापडतात. आपला जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे त्याआधीचे काही कागद मराठीत आहेत, आणि मी पाहिलेल्या काही कागदांवर मोडीही होती. मोडी वाचणारा माणूस बेळगावात शोधला तर मिळतो. शिवाय या कायद्याच्या नियमांतील नियम 13 मध्ये कागदाखेरीजचा पुरावाही चालतो: दावेदार नसलेल्या वृद्धांचे लेखी जबाब, वंशावळ, जुन्या विहिरी, बांध, दफनभूमी, देवस्थान. सातेरी-माउलीची राई आणि तिच्याभोवतीचे जुने दगड यांची मोजणी करून, छायाचित्र काढून, चार वृद्धांच्या सह्यांनिशी जोडा. एकापेक्षा अधिक पुरावे जोडायचे, हा नियम पाळा. एकाच चांगल्या कागदावर विसंबून राहिलेले दावे मी परत आलेले पाहिले आहेत.

हे सर्व वाडीच्या ग्रामसभेतून जायला हवे, आणि ती सभा वाडीतच भरली पाहिजे. आपल्या राज्यात 2015 च्या दुरुस्तीनंतर जनवसती सभा (वाडी-वस्तीची सभा), वॉर्डसभा आणि ग्रामसभा अशा तीन पायऱ्या आहेत, परंतु वनहक्काच्या कामासाठी पंचायतीच्या मुख्य गावात भरलेली मोठी ग्रामसभा उपयोगाची नाही. केंद्राच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांतही वाडी-वस्ती पातळीवरील सभाच अपेक्षित आहे. दावे घेऊन तपासण्यासाठी ग्रामसभा निवडते ती वनहक्क समिती 10 ते 15 जणांची असते, तिच्यात किमान एक तृतीयांश स्त्रिया लागतात. सभेला गणपूर्ती निम्म्या सदस्यांची आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. दाव्यांवर ठराव करायचा असेल तर दावेदारांपैकी निम्मे तरी हजर हवेत. हे आकडे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण ग्रामसभेकडून आलेले दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीपुढे दावा पडतो तो बहुधा गणपूर्तीच्या तांत्रिक कारणावर. दवंडी कधी दिली, नोटीस कोठे डकवली, हजेरीचा कागद कोणी लिहिला, सभा किती वाजता सुरू झाली, हे सारे इतिवृत्तात येऊ द्या. सभेचे छायाचित्र काढताना भिंतीवरचे शाळेचे नाव दिसेल असे काढा.

आता भाषेकडे वळतो. आपण ‘आम्ही अल्पसंख्याक’ असे लिहिले आहे, आणि आपल्या वॉर्डात तर नव्वद टक्के माणसे मराठी बोलत असतील. तरीही आपले म्हणणे कायद्याने बरोबर आहे, कारण सर्वोच्च न्यायालयाने 2002 च्या टी. एम. ए. पै खटल्यात भाषिक अल्पसंख्याक ठरवण्याचे एकक राज्य हे धरले आहे. 2011 च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा असणारे 19 टक्क्यांच्या जवळपास होते. ज्या स्थानिक क्षेत्रात अल्पसंख्याक भाषा बोलणारे 15 टक्क्यांहून अधिक असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, असे भाषिक अल्पसंख्याकांसाठी राज्यांनी मान्य केलेल्या संरक्षणांत आहे. हा मान्य केलेला कार्यक्रम आहे, शिक्षेची तरतूद असलेला कायदा नाही, आणि यामुळेच तो सीमाभागात कधी पाळला जातो, कधी नाही. केवळ 15 टक्क्यांचा आकडा दाखवून तहसीलदारांशी वाद घालण्यात मी उमेदीची काही वर्षे घालवली. त्यातून निघाले फार थोडे.

त्याहून कामाचे दोन मार्ग आहेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 नुसार कोणीही व्यक्ती आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडू शकते. म्हणजे वाडीतल्या आजीने मराठीत लिहून दिलेला अर्ज ‘कन्नडमध्ये आणा’ म्हणून परत करता येत नाही. उत्तर मराठीत मिळेल याची हमी तेथे नाही. म्हणून अर्ज मराठीत आणि सोबत कन्नड सारांश, असे दोन्ही द्या, आवक क्रमांक घ्या आणि पोच जपून ठेवा. दुसरा मार्ग पंचायतीचा आहे. पंचायतीच्या कारभाराची भाषा कन्नड आहे, ती तशीच राहू द्या. पण कन्नड मसुदा सभेत मराठीत वाचून दाखवायला, त्याचा मराठी गोषवारा इतिवृत्ताला जोडायला आणि ‘हा मजकूर मराठीत वाचून व समजावून सांगण्यात आला, नंतर सह्या घेण्यात आल्या’ असे कन्नडमध्येच इतिवृत्तात लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. ‘माहितीपूर्ण संमती’ या दोन शब्दांना अर्थ येतो तो याच वाक्यामुळे. हे वाक्य इतिवृत्तात नसेल तर संमती माहितीपूर्ण होती की नव्हती हा प्रश्न कोणीही, कधीही उपस्थित करू शकतो. आणि ते असताना वाचून न दाखवताच कोणी सह्या घेतल्या, तर ते खोटे लिहिण्याची जोखीम त्या अधिकाऱ्याने पत्करलेली असते. बहुतेक जण ती पत्करत नाहीत. केवळ मराठीत ठराव लिहून पाठवण्याचा मोह टाळा, कारण तो परत येईल आणि एक महिना जाईल.

हे मी शिकलो ते माझ्याच चुकीतून. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका वस्तीत संमतीपत्रांवर अंगठे घ्यायचे होते. संध्याकाळ होत आली होती, जीप परत जाणार होती, आणि मी कन्नड मजकूर न वाचता ‘रस्त्याचा कागद आहे’ एवढेच सांगून पंचवीसेक अंगठे घेतले. कागदात रस्ता होता हे खरे. पण रस्त्यासाठी परसातली जागा विनामोबदला सोडत आहोत, हेही त्यात होते. एका म्हाताऱ्याने नंतर माझ्या टेबलासमोर उभे राहून मला एवढेच विचारले, ‘तुम्ही आमचेच ना?’ मी मराठी बोलणारा अधिकारी होतो, त्यामुळे त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. आपल्या भाषेचा अधिकारी आला म्हणजे हक्क राखले जातात, हा समज माझ्यापुरता तेव्हाच संपला.

यादीचा मुद्दा त्याहून नाजूक आहे. 2019 च्या ऑगस्टमधील महापुरात वेदगंगा-दूधगंगेच्या काठची गावे पाण्याखाली गेली, तेव्हा पूर्ण पडलेल्या घराला 5 लाख रुपये जाहीर झाले आणि आम्ही पंचनामे करत हिंडलो. घर सासऱ्याच्या नावावर, सासरा वारलेला, नवरा वारलेला, आणि राहते ती सून दोन मुलांसह. कागदावर तिचे काहीच नाही. भाड्याने राहणारे, भावकीच्या घराच्या पडवीत चूल मांडलेले, ऊसतोडीला गेलेले असल्याने पंचनाम्याच्या दिवशी हजर नसलेले, अशी माणसे पहिल्या यादीत येत नाहीत. दुसऱ्या यादीत त्यांना घालायला पंचायतीने लेखी शिफारस करावी लागते, आणि तीही मुदतीत. आपल्या वाडीच्या बाबतीत ‘कुटुंब म्हणजे कोण’ ही व्याख्या वनखात्याकडून आजच लेखी मागा. 2013 च्या भूसंपादन कायद्यात विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रिया स्वतंत्र कुटुंब मानल्या आहेत आणि प्रौढ व्यक्ती, मग ती विवाहित असो वा नसो, स्त्री असो वा पुरुष, स्वतंत्र कुटुंब धरली आहे. वनखात्याची योजना त्या कायद्याखाली येत नसली तरी पंचायतीने आपल्या ठरावात तीच व्याख्या मागावी. नाही म्हटले तर कारण लेखी द्यावे लागेल, एवढे तरी पदरात पडते. वनहक्काचे पट्टे पती-पत्नी दोघांच्या नावे द्यायचे असतात, तसेच नुकसानभरपाईचे खातेही संयुक्त असावे असा आग्रह धरा. एकट्या पुरुषाच्या खात्यात आलेल्या रकमेचे वर्षभरात काय होते, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

आता ज्या गावाकडे ही कुटुंबे जाणार तिकडे पाहू, कारण माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष तेथेच होते. जुन्या जागी ही माणसे गरीब होती पण एकत्र होती. पैसे घेऊन विखुरली की ती कोणाच्याच वॉर्डातली राहत नाहीत. ग्रामपंचायतीत साधारण 400 लोकसंख्येला एक सदस्य असतो, म्हणजे 26 कुटुंबे एकाच जागी वसली तरी त्यांचा स्वतःचा सदस्य होणार नाही; ती दुसऱ्याच्या वॉर्डात शेपटासारखी जोडली जातील. भाषेच्या शाळेचेही तसेच आहे. मातृभाषेतून शिकवण्याची सोय करण्यासाठी वर्गात 10 किंवा शाळेत 40 मुले असावीत, असा जो दंडक आहे तो एवढ्या थोड्या कुटुंबांना सहसा पार करता येत नाही. तेव्हा मुले कोणत्या शाळेत जाणार, हे जागा निवडतानाच ठरवा. जवळपास चालू मराठी शाळा असेल तर तिच्या एसडीएमसीशी (शाळा विकास व देखरेख समितीशी) आधी बोला. ती शाळाही मुलांअभावी मिटायला आली असेल तर दोघांचेही भले होईल. मुलांना कन्नड उत्तम यावे याही मताचा मी आहे. माझी दोन्ही मुले मराठी शाळेत शिकली आणि आज कन्नडमध्ये माझ्याहून चांगले अर्ज लिहितात.

पलीकडच्या पंचायतीच्या सदस्यांना दोष देण्याआधी त्यांचे म्हणणे ऐका. पाणी खरोखरच पुरत नसेल. म्हणून दोन्ही पंचायतींची संयुक्त बैठक तालुका पंचायतीच्या कार्यकारी अधिकाऱ्यांसमोर घ्या आणि नव्या वस्तीसाठी बोअरवेल, टाकी व वीज यांचा खर्च स्थलांतराच्या निधीतून येईल, यजमान गावाच्या निधीतून नाही, हे लिहून घ्या. कर्नाटकात तालुका आणि जिल्हा पंचायतींची मुदत 2021 मध्ये संपली आणि निवडणुका वर्षानुवर्षे रखडल्या, त्यामुळे दोन गावांमध्ये पडून तोडगा काढणारे निवडून आलेले माणूसच मध्ये उरले नाही. ते काम आता आपल्यासारख्यांनाच करावे लागते. स्मशान किंवा दफनभूमी याचा उल्लेख त्या बैठकीच्या कागदात अवश्य करा. विषय अशुभ वाटतो म्हणून कोणी काढत नाही, आणि नव्या वस्तीत पहिला मृत्यू झाला की रात्री अकरा वाजता भांडण उभे राहते. मी ते एकदा पाहिले आहे, प्रेत अंगणात असताना. घरांची नोंद ई-स्वत्तूमध्ये (ग्रामपंचायत हद्दीतील मालमत्तांच्या संगणकीय नोंदवहीत) होऊन फॉर्म 9 आणि 11 मिळाल्याखेरीज घर कागदावर त्यांचे होत नाही, त्यामुळे ती नोंद, रेशनकार्डाची बदली आणि मतदार यादीसाठी फॉर्म 8 ही तिन्ही कामे एकाच दिवशी, वस्तीवरच शिबिर घेऊन उरकण्याची मागणी करा.

एक गोष्ट मात्र आपल्या लोकांबद्दलही सांगायला हवी. पुरानंतर एका मराठी गावाच्या गायरानावर काही कन्नड भाषक कुटुंबे तात्पुरत्या शेडमध्ये आली होती. वर्षभर मराठी नोटिशींसाठी माझ्याशी भांडणाऱ्या त्याच सदस्यांनी तेव्हा मला सांगितले, की ‘आमच्या गावात राहायचे तर मराठीत बोला.’ त्या कुटुंबांच्या पाळीचा टँकर दोनदा पुढे निघून गेला. राज्यात आपण अल्पसंख्याक असू, पण त्या गायरानावर बहुसंख्याक आपणच होतो. पंचायतीची सामाजिक न्याय समिती असते ती अशा वेळेसाठी. बहुतेक ठिकाणी ती कागदावर असते, तिची बैठक होत नाही. ती बैठक दर दोन महिन्यांनी लावून घ्या आणि वाडीतली एक स्त्री, सिद्दी वा गवळी कुटुंबातली एक व्यक्ती यांना निमंत्रित म्हणून बसवा.

थोडक्यात क्रम असा धरा: आधी दावे, मग वाचून दाखवलेली संमती, मग यादीतली नावे, आणि नवी जागा तयार झाल्यावरच सामान हलवणे. हा क्रम उलटला की पुढच्या प्रत्येक टप्प्यावर माणसे हात जोडत फिरतात.

राहिला तो आपला शेवटचा प्रश्न, नकार देणाऱ्या 12 कुटुंबांचा. त्यांच्यावर कोणी उघड जबरदस्ती करणार नाही असे मला वाटते. शेजारची 26 घरे रिकामी झाली की शाळेचा पट कमी होतो आणि शिक्षक बदलून जातो, अंगणवाडी ‘जोडली’ जाते, सौर दिव्याची दुरुस्ती थांबते, मतदान केंद्र दुसऱ्या गावात हलते, आणि दोन पावसाळ्यांत ती 12 कुटुंबे स्वतःहून अर्ज घेऊन येतात. तेव्हाही त्याला स्वेच्छाच म्हणतात. म्हणून स्थलांतराच्या ठरावातच एक स्वतंत्र परिच्छेद घाला, की वाडीत एक जरी कुटुंब राहत असेल तोवर तेथील पाणी, रेशन, अंगणवाडी, आशा कार्यकर्तीच्या फेऱ्या आणि पावसाळ्यातील पायवाट ही पंचायतीची जबाबदारी राहील आणि यांपैकी कोणतीही सेवा ग्रामसभेला विचारल्याशिवाय बंद केली जाणार नाही. वार्षिक आराखड्यात त्या वाडीच्या नावाने एक तरी काम दर वर्षी ठेवा, ते छोटे असले तरी चालेल. नाव आराखड्यातून गळाले की सरकारी नकाशातून गळायला वेळ लागत नाही. पुढच्या मासिक बैठकीची विषयपत्रिका निघण्याआधी हा विषय लेखी देऊन त्याची पोच घ्या, आणि अध्यक्षांनी ‘आयत्या वेळच्या विषयात घेऊ’ म्हटले तर नम्रपणे नाही म्हणा.